नोरीनचं पहिलं पिस्तूल

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी, अंडी अजून तव्यावरच होती तेव्हा, नोरीनने नवऱ्याला सांगून टाकलं की तिला आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचं आहे. कपड्यांच्या आत, कमरेला, कुणाला दिसणार नाही असं बाळगायचं. आणि चारशे डॉलरच्या वर एक सेंटही जाणार नाही.

हॉइट लेडबेटरने हातातला काटा खाली ठेवला. "चव्वेचाळीस वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा बाईसाहेब म्हणायच्या, मला झाडू पुरतो. आज काय झालं?"

"आज दुकानाचे पैसे घेऊन बँकेत मी जाते. ट्रक मी चालवते. बँकेत झाडू घेऊन जाऊ?"

"जा की. लोक घाबरतील."

"तू निवडून देणार आहेस की नाही, तेवढं सांग."

आता हॉइटला कुणी पिस्तूल निवडून द्यायला सांगावं आणि त्याने नाही म्हणावं, असं कधी झालं नव्हतं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मार्च महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर यादी करायला बसला. अक्षर सापाच्या वाटेसारखं वाकडं येत होतं. नोरीन तव्याकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे त्याला वाटू नये की ती बघते आहे.

तिचं कारण खोटं नव्हतं. तळ्याकाठी त्यांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. गळ, दोऱ्या, गांडुळं, बादलीतल्या जिवंत छोट्या मासळ्या, शिवाय उन्हाळ्यात बर्फ. बँक बावीस मैलांवर आणि मधला रस्ता सगळा झाडीचा. तरीही हे कारण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं हॉइटच्या उजव्या कमरेला होतं. गेली तीस वर्षं तो एक जुनं पोलादी पिस्तूल बाळगत आला होता. सकाळी पँट, मग पट्टा, मग पिस्तूल, मग टोपी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कंपवात सांगितला तरी या क्रमात काही फरक पडला नव्हता. फरक हातात पडला होता. परवाच ते कमरेला खोचताना शर्टाचं टोक आत अडकलं आणि त्याची बोटं तिथे नको इतका वेळ चाचपडत राहिली. नोरीन दारात उभी होती. 

मुलगी मार्ला तुलसाला राहायची. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, बाबांच्या कमरेला ते आहे तोवर मी जूनमध्ये मुलींना तळ्यावर पाठवणार नाही. तू काढून घे, नाहीतर मी येऊन काढून घेते."

"तू येऊ नकोस," नोरीन म्हणाली होती.

कारण मार्लाची काढून घेण्याची पद्धत तिने पाहिली होती. हॉइटने ट्रक पत्रपेटीवर घातला, त्यानंतरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मार्लाने भरल्या टेबलावर, टर्की कापायच्या आधी, सगळ्यांदेखत किल्ल्या मागितल्या. हॉइटने दिल्या. मग दोन आठवडे तो धक्क्यावर पाण्याकडे बघत बसून राहिला आणि "मीठ दे" यापलीकडे बोलला नाही. मुलीचं चुकलं होतं असं नाही. पण बरोबर गोष्ट इतक्या वाईट तऱ्हेने करता येते हे नोरीनला त्या दिवशी कळलं. तिने मनाशी पक्कं केलं होतं की पिस्तूल कुणी हिसकावणार नाही. हॉइट ते स्वतः तिच्या हातात देईल. तिच्या हाताला दुसरं कुठलंच जमत नाही हे त्याला तीन-चार दुकानांत दिसलं, की एक दिवस तोच म्हणेल, अगं, मग माझंच घे.

पहिल्या शनिवारी ते शहरातल्या मोठ्या दुकानात गेले. हॉइटने सरळ एका इवल्याशा, पिसासारख्या हलक्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. "हे बघ. तुझ्या तळहातात मावतं. बाईमाणसाला अगदी बेस."

नोरीनने चाप ओढून बघितला. एका बोटाने हलेना. दोन बोटं लावली तेव्हा कुठे कट्ट आवाज आला, आणि तोवर नळी छताकडे गेली होती.

"चोर दमून निघून जाईल," ती म्हणाली.

"सवय होईल."

"मला की चोराला?"

काउंटरमागच्या दाढीवाल्याने मग एक जांभळं पिस्तूल काढलं आणि हे खास महिलांसाठी आहे म्हणाला. नोरीनने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने ते परत ठेवून दिलं. परतीच्या वाटेवर दोघं रस्त्याकडेच्या खानावळीत थांबले. तळलेला कॅटफिश, भेंडीचे तळलेले तुकडे, शेवटी पेकन-पाय हा गोड पदार्थ. हॉइटच्या हातात भरलेला कप राहत नसे, म्हणून नोरीन दोघांसाठी अर्धा-अर्धा कप कॉफी सांगायची. तिला पूर्ण कप लागायचा. पण एकट्याच्याच पुढे अर्धा कप यावा हे तिला बघवत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी गहाणवटीच्या दुकानात. तिथे एक छोटं, चपटं पिस्तूल होतं आणि किंमतही बेताची होती. पण गोळी आत घ्यायला पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढावा लागतो, ती स्लाइड इतकी घट्ट होती की नोरीनच्या सांधेदुखीच्या अंगठ्याने हाय खाल्ली. हॉइट दुकानदाराशी स्प्रिंगांबद्दल तावातावाने बोलला. अर्ध्या तासात तिथल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने उभं कसं राहायचं ते शिकवलं. नोरीन स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा फुललेला तिने पाहिला नव्हता. त्या दिवशी कॅटफिश खाताना तो एकदा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तिसऱ्या शनिवारी ते क्लीटकडे गेले. क्लीट व्हिटमायर सत्तेचाळीस वर्षांचा, दारात मावणार नाही असा, आणि हॉइटचा जुना विद्यार्थी. तसं बघितलं तर निम्मा तालुकाच हॉइटचा विद्यार्थी होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी दर ऑगस्टला, सव्वीस वर्षं, चर्चच्या तळघरात तो पोराटोरांना बंदूक सुरक्षित कशी हाताळायची ते शिकवत आला होता. अजूनही गावात लोक त्याला मास्तर म्हणायचे.

"मास्तर! नोरीनकाकू! या, या. काकू, शेवटी झाडू सोडलात म्हणे?"

"सगळ्या गावाला सांगत सुटलाय का हा?"

"गावाला कशाला? फक्त चर्चमध्ये, न्हाव्याकडे आणि पोस्टात."

हॉइटने यादीचा कागद काउंटरवर पसरला. "बजेट चारशे. हलकं हवं, लहान हवं."

क्लीटने डोकं खाजवलं. "मास्तर, रागावणार नसाल तर बोलतो. हलकं आणि लहान म्हणजे बायकांना सोपं, हे सगळ्यांत मोठं खूळ आहे. हलकं पिस्तूल हाताला लाथ मारतं. बाई एकदा उडवते आणि मग ते मोज्यांच्या खणात जन्मभर पडून राहतं. काकू, जरा वजनाचं घ्या. नवं कशाला हवं? पोलिसांनी बदलून टाकलेली जुनी येतात माझ्याकडे, बाहेरून खरवडलेली, आतून ठणठणीत. आणि चारशेतले शंभर आधी बाजूला काढा. चांगला पट्टा, पिस्तूल अडकवायचं चांगलं होल्स्टर आणि सरावाला गोळ्या. लोक सगळा पैसा पिस्तुलात घालतात आणि मग ते लेंग्याच्या नाडीला खोचून हिंडतात."

"हे मी तुला शिकवलं नाही," हॉइट म्हणाला.

"नाही. हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलं."

हॉइटने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चूक पटली की तो वाद घालत नसे. नोरीनला त्याचा हा गुण फार आवडायचा, आणि आज तिची सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

दुकानामागे मातीचा उंच बांध होता. त्याच्यासमोर फळीचं लांब टेबल, आणि सात-आठ पावलांवर खांबाला ठोकलेल्या कागदी ताटल्या. क्लीटने तीन जुनी पिस्तुलं आणली. पहिलं नोरीनच्या पंजाला मोठं पडलं. दुसऱ्याने बरं मारलं, पण स्लाइड ओढताना अंगठ्यातून कळ गेली. तिसऱ्याच्या गोळ्या ताटलीला वळसा घालून बांधात गेल्या. यांतलं काहीही ती मुद्दाम करत नव्हती. नाटक करावं लागेल असं तिला वाटलं होतं, पण अंगठ्याने तिला त्या कष्टांतून सोडवलं.

क्लीटने कानांवरचे कानबंद खाली घेतले. "मास्तर, तुमचंच द्या की काकूंना एकदा मारून बघायला. पोलादी आहे, वजन आहे, आणि स्लाइड तर घासून घासून मऊ झाली असेल."

तीन शनिवार नोरीन ज्या वाक्याची वाट बघत होती ते आलं. आलं ते मात्र भलत्याच तोंडून. ती हॉइटकडे बघेना.

हॉइटने जरा वेळ लावला. मग शर्ट वर केला, पिस्तूल काढलं आणि नळी बांधाकडे धरली. त्याच्या तळघरातल्या वर्गात शेवटच्या दिवशी एकच परीक्षा असे. भरलेल्या बंदुकीच्या जागी खोट्या गोळ्यांचं पिस्तूल द्यायचं आणि म्हणायचं, शेजाऱ्याच्या हातात दे. आधी खालून गोळ्यांचं मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून आतली गोळी पाडायची. मग डोळ्याने बघायचं, मग करंगळी आत घालून चाचपायचं. तेव्हा म्हणायचं, 'रिकामं.' घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याने पुन्हा सगळं करायचं आणि मगच म्हणायचं, 'रिकामं.' यात जो चुकला तो नापास. मग तो कुणाचाही मुलगा असो, त्या वर्षी त्याला हरण नाही.

हॉइटच्या हाताला कंप सुटला होता. क्लीट बघतो आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो घाई करत होता. त्याने स्लाइड मागे ओढली. एक गोळी उडून टेबलावर पडली. स्लाइड त्याच्या बोटांतून सुटून धाडकन पुढे गेली. मग त्याने मॅगझिन काढून बाजूला ठेवलं.

"रिकामं," तो म्हणाला आणि पिस्तूल नोरीनच्या हातात दिलं.

नोरीनने नळी बांधाकडे ठेवूनच ते घेतलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं पुष्कळ ऐकलं नव्हतं, पण हे एक ऐकलं होतं. घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा नाही. तिने स्लाइड मागे ओढली. ती सहज आली.

आतून पितळेची चकचकीत गोळी उडाली, फळीवर टणकन आपटली, घरंगळत गेली आणि क्लीटच्या कॉफीच्या मगाला टेकून थांबली.

मॅगझिन आत असताना स्लाइड पुढे गेली, की पुढची गोळी नळीमागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, येऊन बसते. हे तालुक्यातल्या बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं, कारण हॉइटने ते त्याला शिकवलं होतं.

क्लीट आपल्या बुटांकडे बघू लागला. नोरीनला जे हवं होतं ते आता नुसतं हात पुढे करून उचलण्याइतकं जवळ आलं होतं, आणि तिला ते असं नको होतं. थँक्सगिव्हिंगचं टेबल परवडलं म्हणायची पाळी आली. तिने स्लाइड मागे अडकवून पिस्तूल उघडंच फळीवर ठेवलं, पुढे झाली आणि त्या गोळीवर अलगद तळहात ठेवला.

"क्लीट, कानबंद दे रे इकडे," ती म्हणाली.

"हात काढ," हॉइट म्हणाला.

"कसला हात?"

"नोरीन. हात काढ."

तिने काढला. हॉइट त्या गोळीकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पण आवाज तळघरातलाच होता.

"क्लीट. एकोणनव्वद साली तू हेच केलंस तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

"जाऊ द्या हो मास्तर. हात जरा घाईत..."

"काय म्हटलं होतं?"

एवढा मोठा माणूस, पण त्याने हात मागे बांधले. "नापास म्हणालात. यंदा हरण नाही."

"तू रडलास."

"रडलो. माझा बाप भांडायला आला होता तुमच्याशी."

"मी ऐकलं त्याचं?"

"नाही ऐकलंत."

"आणि शेरीफच्या पोराला?"

"त्यालाही नापास केलंत. शेरीफ वर्षभर तुमच्या दुकानात फिरकला नाही."

"मग हॉइट लेडबेटरचं काय करायचं?"

त्या क्षणी नोरीनला हा म्हातारा इतका आवडला की काखोटीला मारून त्याला सरळ घरी न्यावं असं वाटलं.

"नापास," हॉइटने स्वतःच सांगितलं. मग त्याने पिस्तुलात डोळा घातला, थरथरणारी करंगळी आत घातली, चांगली दोनदा फिरवली, आणि दोन्ही हातांनी ते फळीवरून नोरीनच्या दिशेने सरकवलं. "घे. आजपासून हे तुझं. बजेटमध्ये बसतं का बघ."

"बसेल बहुतेक," नोरीन म्हणाली. पण तिने आधी बघितलं, चाचपलं, आणि म्हणाली, "रिकामं."

मग क्लीटने मॅगझिन भरून दिलं आणि तिने ताटलीवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही ताटलीत बसल्या. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं आणि धूर फार झाला म्हणाली. उघड्यावर, वाऱ्यात, पाच गोळ्यांचा किती धूर होणार! पण दोघांपैकी कुणी तिला काही म्हटलं नाही.

निघताना क्लीट ट्रकपर्यंत आला. खिडकीत वाकून म्हणाला, "मास्तर, मला तेव्हा आणखी एक म्हणाला होतात. पुढच्या वर्षी परत ये, लाज वाटून घेऊ नकोस, फक्त विसरू नकोस. ऑगस्टमध्ये तळघराची किल्ली माझ्याकडे असते, तुम्ही या. मुलांना नुसतं तोंडाने शिकवायला पिस्तूल हातात लागत नाही."

हॉइटने नुसती मान हलवली. ट्रक रस्त्याला लागल्यावर मात्र त्याने दोनदा नाक शिंकरलं.

खानावळीत नेहमीचं टेबल मिळालं. कॅटफिश आला, भेंडी आली, अर्धा-अर्धा कप कॉफी आली. हॉइट खुर्चीत सारखा चुळबुळ करत होता.

"काय होतंय?"

"एका बाजूला कलल्यासारखं वाटतंय. तीस वर्षं उजवीकडे वजन होतं."

"होईल सवय," नोरीन म्हणाली. मग तिला राहवेना. "हॉइट, मला तुला एक सांगायचं आहे. हे पिस्तूल घ्यायचं जे मी काढलं ना..."

"ते मला दुसऱ्या दुकानातच कळलं."

नोरीनचा काटा हवेतच राहिला. "कसं?"

"तू बारा डझन गळ घेताना दोन सेंटसाठी माणसाला रडवतेस. जत्रेत फुकटच्या टोपीतही घासाघीस केली होतीस. आणि त्या दिवशी तासभर पिस्तुलं बघितलीस आणि एकाचीही किंमत विचारली नाहीस. चारशेचं बजेट म्हणे! बाई खरेदीला आलेलीच नाही, हे आंधळ्याला दिसलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

हॉइटने भेंडीचा तुकडा काट्यात धरायचा प्रयत्न केला. तो निसटला. त्याने सरळ बोटांनी उचलून तोंडात टाकला.

"मला कळत होतं, ते द्यावं लागणार. शर्ट अडकला तेव्हा तू दारात होतीस, ते मी पाहिलं होतं. पण तू मागत नव्हतीस. वाट बघत होतीस. मला वाटलं, आपण बोललो नाही तर अजून दोन-तीन शनिवार मिळतील. सकाळी दोघांनी निघायचं, दुकानं बघायची, भांडायचं, मग इथे येऊन जेवायचं. किती वर्षांत गेलो नव्हतो असं? चाळीस वर्षं दुकान, शनिवारी तर गर्दी. म्हटलं, जाऊ दे. अजून एक दुकान होऊ दे."

नोरीनने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो खाली थरथरत होता, तसाच राहू दिला. जरा वेळाने तिने पर्समधून फोन काढला आणि मार्लाला लिहिलं की मुलींना जूनमध्ये पाठव, आणि बाबांना काही विचारू नकोस, त्यांनी त्यांचं ते स्वतःच दिलंय.

पेकन-पाय आला. दोघांत एक, दोन चमचे.

"हे तुझं होल्स्टर मला येणार नाही," नोरीन म्हणाली. "पुरुषी पट्ट्याचं आहे. मला वेगळं घ्यावं लागेल."

"क्लीटकडे होतं की. मी पाहिलं. चांगलं कातडं होतं, चाळीस डॉलर."

"चाळीस फार होतात. आणि मला ते पसंत नाही."

"तू बघितलंही नाहीस!"

"पुढच्या शनिवारी शहरातल्या दुकानात बघू. तिथलंही मला पसंत पडणार नाही," नोरीन म्हणाली आणि पेकन-पायचा मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. "दहाला निघायचं. तयार राहा."